गोधडी कोणी ओली केली? तीळगूळ, भगत आणि राहून गेलेली एक तपासणी

(एपिसोडचा लिखित मजकूर. अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? लावाच. आजचा विषय लोकलमध्ये स्पीकरवर ऐकलात तर शेजारचा माणूस सरकून बसेल. आज आपण झोपेत अंथरूण ओलं करण्याबद्दल बोलतोय. पुस्तकात त्याला शय्यामूत्र म्हणतात. आमच्या खोडाळ्यात सरळ 'मुततो' म्हणतात आणि ज्याच्याबद्दल म्हणतात तो पोरगा तिथेच उभा असतो.

विषय कुठून आला ते सांगतो. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला चुलतवहिनीची व्हॉइस नोट आली. एवढ्या रात्री गावाकडून काही आलं की पोटात गोळाच येतो. पण ती हळू आवाजात बोलत होती, बहुतेक बाकीचे झोपले होते. "भावजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले. एक व्हिडिओ पाठवलाय, तो खरा का खोटा तेवढं सांगा. पोरगा आठ वर्षांचा झाला तरी रोज गोधडी भिजवतो. पुढच्या वर्षी त्याला आश्रमशाळेत टाकायचाय. तिथं काय होईल त्याचं?"

व्हिडिओ बघितला. एक माणूस हिंदीत सांगतोय की आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची हजारो वर्षं जुनी जडीबुटी आहे, एकवीस दिवसांत मूल कोरडं. बाटली चौदाशे रुपयांना. आत काय आहे ते कुठेही लिहिलेलं नाही. खोट्याला लांबचा पत्ता लागतो. खोडाळ्याच्या झाडपाल्याला कोणी चौदाशे देणार नाही, आफ्रिकेच्या देईल.

पण मला त्या योरुबा लोकांबद्दल कुतूहल वाटलं म्हणून वाचत बसलो. नैऋत्य नायजेरियात, म्हणजे लेगॉस, इबादान या भागात राहणारा हा मोठा समाज. त्यांच्याकडे औषध देणाऱ्या जाणकाराला ओनिशेगुन म्हणतात आणि कौल लावून कारण शोधणाऱ्याला बाबालावो. पिएर वेर्जे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने कित्येक वर्षं त्या लोकांत काढली आणि त्यांच्या वनस्पतींचे शेकडो उपाय 'एवे' नावाच्या पुस्तकात छापले. पुस्तक १९९५ चं. त्यात नुसता पाला नाही, प्रत्येक पाल्यासोबत म्हणायचे शब्दही आहेत. पाला आणि मंत्र जोडीने चालतात. हे वाचलं आणि मला आमचा भगत आठवला. सुपात तांदळाचे दाणे टाकून बघणारा, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा. म्हणजे तिकडेही आपल्यासारख्याच आज्या आहेत, आपल्यासारखेच भगत आहेत. बाटली विकणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही.

आता एक कबुली. मी स्वतः चौथी संपेपर्यंत अंथरूण ओलं करायचो.

ऑफिसात हे कोणाला माहीत नाही. आता होईल, चालेल. कारवीच्या कुडाचं घर, आम्ही सगळे एका ओळीत झोपायचो, त्यामुळे माझा प्रश्न हा शेजारी झोपणाऱ्या दोघांचाही प्रश्न होता. उन्हाळ्यात तेवढं वाटायचं नाही, गोधडी तासाभरात वाळते. पण मोखाड्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा. आठ-आठ दिवस ऊन नाही. आई गोधडी चुलीच्या वर दांडीला टाकायची, आणि मग वर्गात माझ्या अंगाला धुराचा आणि दुसरा एक असा मिळून वास यायचा. उन्हाळ्यात वेगळी अडचण. वैतरणेची धरणं आमच्या शेजारी, पाणी मुंबईला, आणि आई डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर. त्या हंड्यातलं पाणी माझी गोधडी धुवायला जायचं. आईने कधी हात उचलला असेल तर त्यामागे हा हंडा होता, हे मला फार उशिरा कळलं.

उपाय भरपूर झाले. आजीचा पहिला उपाय काळ्या तिळाचा. तीळ भाजायचे, गूळ घालून कुटायचे, थोडा ओवा, आणि रोज संध्याकाळी एक लाडू. हा उपाय अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. पुण्याच्या माझ्या टीम लीडच्या आजीचाही हाच. मग दुधात शिजवलेली खारीक, पण ती खारीक असेल तेव्हा आणि दूध असेल तेव्हा. जांभळाच्या बियांची पूड. ती इतकी तुरट की जीभ टाळूला चिकटते. रानतोंडलीच्या पानांचा रस. हे सगळं करून भागलं नाही तेव्हा भगत. त्याने दाणे बघितले, कोणीतरी नाराज आहे म्हणाला, कमरेला काळा दोरा बांधला आणि कोंबडा घेऊन गेला.

पाचवीत जायच्या आधी माझं मुतणं थांबलं. आजी मरेपर्यंत म्हणत होती लाडवाने थांबलं. भगत म्हणायचा दोऱ्याने. वडील म्हणायचे मी दोनदा झोडपला म्हणून.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आमच्याकडे कधी कधी रात्री सिस्टिम स्लो होते. एक जण कॅशे साफ करतो, एक जण सर्व्हर रिस्टार्ट करतो, एक जण काहीच करत नाही, चहा पितो. वीस मिनिटांनी सिस्टिम आपोआप सुरळीत. कारण लोड कमी झालेला असतो. पण मीटिंगमध्ये तिघेही श्रेय घेतात, चहावालासुद्धा.

आकडे बघा. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. काहीही केलं नाही तरी दर वर्षी अशा मुलांतली साधारण १५ टक्के मुलं आपोआप कोरडी होतात. पंधराव्या वर्षापर्यंत शंभरात एखादंच उरतं. म्हणून पाच वर्षांच्या आत डॉक्टर याला आजार मानतच नाहीत. आता विचार करा, एका गावात चाळीस आज्या चाळीस नातवंडांना लाडू देतायत. वर्षभरात पाच-सहा पोरं थांबणारच. त्या पाच-सहा आज्या बाजारात सांगणार, बाकीच्या गप्प बसणार. उपाय असाच पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. यात कोणी खोटं बोलत नाही बरं का. आजीने जे पाहिलं तेच सांगितलं.

आणि हा खेळ फार जुना आहे. इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इसवीसनपूर्व १५५० च्या आसपास, यावर उपाय लिहिलेला आहे. रोमन लेखक प्लिनी तर पोरांना उकडलेला उंदीर खाऊ घाला म्हणतो. चिनी औषधांत प्रार्थनाकीटकाच्या, म्हणजे मँटिसच्या, अंड्यांचं कवच देतात. आपल्या शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांत शय्यामूत्राची नोंद आहे. साडेतीन हजार वर्षं माणूस पोराला काहीतरी खाऊ घालतोय, कारण पोरगं भिजलेलं बघून हातावर हात ठेवून बसवत नाही.

मग औषधी वनस्पतींवर कोणी नीट अभ्यास केलाय का? केलाय. कॉक्रेन नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, जगभरचे प्रयोग गोळा करून तपासते. २०११ मध्ये त्यांनी अंथरूण ओलं करण्यावरच्या पर्यायी उपायांचा आढावा घेतला. संमोहन, ॲक्युपंक्चर, जडीबुटी, सगळं. निष्कर्ष असा की पुरावा फार कमकुवत, छोटे छोटे प्रयोग, त्यावरून खात्रीने काही म्हणता येत नाही.

माझं मत सांगतो. तीळगुळाचा लाडू पोरगं कोरडं करत नसेल, पण पोटात तीळ जातोय, गूळ जातोय. आमच्या भागात कुपोषणाचा इतिहास काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. द्या लाडू. फक्त मुतणाऱ्यालाच औषध म्हणून देऊ नका, सगळ्या भावंडांना द्या. नाहीतर त्या लाडवानेही पोरगं वेगळं पडतं.

पण सगळा झाडपाला लाडवासारखा गरीब नसतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर या त्रासावर बेलाडोना द्यायचे. फ्रान्सचा त्रूसो हा तर मोठा नावाजलेला डॉक्टर, तोही द्यायचा. बेलाडोना म्हणजे आपल्या धोतऱ्याच्या कुळातली विषारी वनस्पती. त्यातला अंश मूत्राशयाचं आकुंचन थोपवतो, म्हणजे विचार अगदीच चुकीचा नव्हता, आजही काही गोळ्या त्याच तत्त्वावर चालतात. पण गोळीत मात्रा मोजलेली असते, पानात नसते. घराच्या मागे उगवलेल्या धोतऱ्याचं बी पोराच्या पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, पोरगं बडबडायला लागतं आणि जीवही जाऊ शकतो. खुरासानी ओवाही त्याच कुळातला. इथे आमच्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपण मोखाड्यात पेरतो ती खुरासणी तेलबी आहे, चटणी करून खातो ती. खुरासानी ओवा हे पूर्ण वेगळं झाड. नाव सारखं म्हणून व्हॉट्सअॅपवरची कृती वाचून घोळ घालू नका.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा एपिसोड करतोय तिथे येतो.

पाचवीला मी आश्रमशाळेत गेलो. कुठली ते सांगत नाही, ती एकटीच तशी होती असं नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या भिंतीकडे त्याची जागा, कारण त्याच्या शेजारी कोणी झोपायचं नाही. माझं नुकतंच थांबलेलं, त्यामुळे मला त्याची दया यायला हवी होती. पण मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने. आपलं कोणाला कळू नये म्हणून.

अशा मुलांसाठी तिथे एक नियम होता. संध्याकाळी सहानंतर पाणी नाही. जेवतानासुद्धा नाही. ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. पाणी प्यायला नाही तर मुतेल कशाला? तरी तो मुतायचाच. मग नियम अजून कडक. दुपारी चारनंतर पाणी नाही. त्याचे डोळे पिवळट दिसायचे. हातपाय दुखतात म्हणायचा, तर कामचुकार म्हणून बोलणी खायचा. थंडीत एका रात्री तो मांड्या धरून असा ओरडायला लागला की आम्ही सगळे उठून बसलो. सकाळी त्याचा बाप आला आणि पाठीवर घेऊन गेला. तो परत आला नाही. आम्हाला वाटलं, त्याला काहीतरी लागलंय.

कित्येक वर्षांनी, मागच्या दिवाळीत, तो मला खोडाळ्याच्या नाक्यावर भेटला. लंगडत होता. चहा पिताना त्याने सांगितलं, सिकलसेल. सतरा वर्षांचा असताना जव्हारला तपासणी झाली तेव्हा कळलं. तोपर्यंत खुब्याचं हाड खराब झालं होतं.

सिकलसेलचा आणि अंथरुणाचा काय संबंध? मलाही माहीत नव्हता. या आजारात रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आपल्या मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी आणि क्षार जास्त. तिथे पेशी लवकर वाकतात आणि लहानपणापासून तो भाग खराब होत जातो. त्या भागाचं कामच असतं पाणी वाचवून लघवी घट्ट करायचं. तेच बिघडलं की लघवी पातळ, आणि भरपूर. रात्रीसुद्धा. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये अंथरूण ओलं होण्याचं प्रमाण जास्त असतं. जमैका, अमेरिका, नायजेरिया, जिथे जिथे बघितलं तिथे हे दिसलं.

आता त्या नियमाकडे परत बघा. या मुलाचं पाणी बंद केलं तरी लघवी फारशी कमी होत नाही, मूत्रपिंड पाणी सोडतच राहतं. कमी होतं ते अंगातलं पाणी. आणि अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अजून वाकतात, अडकतात, आणि तसल्या वेदना उठतात. त्या रात्री तो ओरडत होता त्यामागे थंडीही असेल, दुसरंही काही असेल. पण पाणी तोडून आम्ही त्याला मदत करत नव्हतो एवढं नक्की.

आणि आता तो योरुबावाला व्हिडिओ आठवा. जगात सिकलसेलचं सगळ्यात मोठं ओझं नायजेरियावर आहे, तिथे दर वर्षी साधारण दीड लाख बाळं हा आजार घेऊन जन्मतात. भारतही या यादीत वरच आहे, आणि आपल्याकडे तो आदिवासी पट्ट्यात जास्त. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला. आई किंवा बापाकडून एकच जनुक आलं तर माणूस वाहक असतो, त्याला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. त्यामुळे मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं, तिकडच्या जंगलात आणि इकडच्याही. दोघांकडून आलं की आजार. म्हणजे इबादानच्या ओनिशेगुनकडे जी पोरं आणली जात असतील आणि आमच्या भगताकडे जी आणली जातात, त्यांतल्या काहींचं दुखणं खरोखर एकच असू शकतं. विकणाऱ्याला हे ठाऊक असण्याची शक्यता शून्य.

वहिनीला मी फोन केला. आधी विचारलं, दादा लहानपणी मुतायचा का? ती हसली. "सासूबाई म्हणतात सहावीपर्यंत." हे घराण्यात चालतं. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७. दादा पोराला मारतो ते बंद कर म्हणून सांग म्हटलं. झोपेतली गोष्ट आहे, पोरगं मुद्दाम करत नाही.

मग बाकीचं विचारलं. आधी सहा महिने तरी कोरडा राहून परत सुरू झालंय का? खूप तहान लागते का, वजन उतरलंय का? तसं असेल तर साखर लगेच, त्याच दिवशी तपासायची, लहान मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो. लघवीला जळजळ होते का? दिवसाही चड्डीत होते का? शौचाला कडक होते का? हे शेवटचं लोक विसरतात, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, आणि कित्येकदा पोट साफ झालं की अर्धं काम होतं. घोरतो का? ती सगळ्याला नाही म्हणत गेली. मग मी विचारलं, हातपाय दुखतात का. ती थांबली. "दुखतात म्हणतो कधी कधी. आम्हाला वाटलं खेळून दुखत असतील."

"पाणी किती देता रात्री?"

"पाचनंतर देतच नाही भावजी. सगळे तसंच सांगतात ना."

खोडाळ्याच्या आरोग्य केंद्रात जा म्हटलं, आशाताईंना सोबत घ्या आणि सिकलसेलची तपासणी मागा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती फक्त जनुक आहे की नाही एवढं सांगते. पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी होते, त्यात वाहक की रुग्ण ते कळतं. पैसे लागत नाहीत. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची ठरली होती. माझी स्वतःची झाली नव्हती. या एपिसोडच्या निमित्ताने मीही केली, निगेटिव्ह आहे.

आता ज्यांच्या पोराला यातलं काहीच नाही, नुसतंच अंथरूण ओलं होतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. पाणी दिवसा भरपूर द्या, म्हणजे रात्री आपोआप कमी मागतो. झोपताना लघवीला पाठवा. गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरने सांगितल्या तरच. आणि एक अलार्म असतो. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने दवाखान्यात पोरांच्या अंथरुणात वायर लावली, ओलं झालं की नर्सला घंटा वाजावी म्हणून. हेतू फक्त चादर बदलण्याचा. काही दिवसांनी लक्षात आलं की पोरं कोरडीच राहायला लागलीत! १९३८ मध्ये अमेरिकेत मोवरर नवरा-बायकोने त्याची पद्धत बसवली. आजही सगळ्यात भरवशाचा उपाय हाच, वापरणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं कोरडी होतात. दोन-तीन महिने चिकाटी लागते.

मी म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत, बनवू. बझर, पावसाचा सेन्सर, बॅटरी, दोनशे रुपयांत झालं. गावी नेऊन लावलं. पहिल्याच रात्री तो वाजला. दादा उठला, वहिनी उठली, काकू उठली, बाहेर कुत्रा उठला, शेजारच्या घरातून "काय झालं रं?" अशी हाक आली. पोरगा गाढ झोपेत. नंतर वाचलं की सुरुवातीला हे असंच होतं, मोठ्यांनी उठून पोराला जागं करायचं असतं, मग हळूहळू तो स्वतः उठतो. एका खोलीत सात माणसं झोपतात तिथे हे किती दिवस चालेल, मला शंका आहे. सध्या बझरवर कापसाचा बोळा लावलाय.

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलीय. पुढच्या तपासणीला रक्त गेलंय, रिपोर्ट यायचाय. वाहकही असू शकतो, आणि वाहकच असेल तर काळजीचं फारसं नाही. दादाची आणि तिची तपासणी या सोमवारी. मी हे सगळं तिला दोनदा सांगितलं. माझ्या त्या मित्राचा नंबरही दिला, तोच म्हणाला होता दे म्हणून. रोजच्या गोळ्या, तपासण्या कशा असतात ते त्याच्याइतकं मला सांगता येणार नाही.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "मग आज रात्री पाणी मागितलं तर देऊ ना?"

द्या म्हटलं. उशाशी तांब्या ठेवा.

रिपोर्ट आला की पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. तुमच्या घरचे उपाय व्हॉइस नोटवर पाठवा, नाव नको असेल तर सांगा, घेणार नाही. भेटू.